भावासाठी जागा

गेल्या पावसाळ्यात मी स्वयंपाकघरात पडले. सकाळचे साडेआठ झाले असतील. पेजेचं पातेलं उतरवायला वाकले आणि डावा पाय अंगाखाली आहे की नाही तेच कळेना. पडल्यावरही शुद्ध होती. छपराची कौलं दिसत होती, कोनाड्यातल्या सायबिणीच्या, मेरीमातेच्या तसबिरीपुढचा छोटा दिवा दिसत होता. पण तोंडातून शब्द येत नव्हता.

माझा भाऊ टेबलाशी बसला होता. तो बावन्न वर्षांचा आहे, उंच आणि अंगानं भरलेला. समज मात्र सहा वर्षांच्या मुलाची. तो जन्मला तसाच. शिवाय त्याला फिट येतात, त्यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळ्या असतात. आई गेल्यापासून आम्ही दोघंच या घरात. मी लग्न केलं नाही. प्राथमिक शाळेत शिकवत होते, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

मी पडल्यावर तो जवळ आला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग आत जाऊन स्वतःची उशी घेऊन आला, माझ्या डोक्याखाली सरकवली आणि शेजारी मांडी घालून बसला. अकराच्या सुमाराला मासेवाली आली. फाटकातून तिनं हाक मारली, "बाय खंय रे?" भाऊ दारात जाऊन म्हणाला, "बाय निजली." ती निघून गेली. तिच्या चपलांचा चिऱ्यांवरचा आवाज मला ऐकू येत होता. चार वाजता शेजारची काकी ओलं खोबरं मागायला आली तेव्हा मला दवाखान्यात नेलं. मेंदूत गुठळी झाली होती. इतके तास गेले नसते तर हात पूर्ण सुधारला असता, असं डॉक्टर म्हणाले. पाय सुधारला. डाव्या हाताची पकड गेली ती गेलीच.

घरी आल्यावर मी भावाला शिकवायचं ठरवलं. सदतीस वर्षं मुलांना शिकवलं, याला चार शब्द शिकवता येणार नाहीत? रोज दुपारी त्याला समोर बसवायची.

"मी पडलंय तर तू खंय जातलंस?"

"घराक."

"घराक नाय रे. काकीकडे. आणि काय सांगतलंस?"

"बाय निजली."

"निजली नाय, पडली. सांग, बाय पडली."

"बाय पडली," तो म्हणायचा आणि हसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'निजली'. महिनाभर मी हे केलं. मग सोडून दिलं.

माझी बहीण कॅनडात असते. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, भावाहून सहा वर्षांनी मोठी. नाताळात ती आणि तिचा नवरा आले. येण्याआधीच तिनं फोनवर सांगितलं होतं, "बाय, असा चलूचा नाय. तेका खंय तरी ठेवूक होयो." इंटरनेटवरून शोधून तिनं चार जागांची यादी केली होती. एक देवगडच्या बाजूला, एक वेंगुर्ल्याजवळ, एक आतल्या एका गावात आणि चौथी गोव्यात. गाडी भाड्यानं घ्यायची, किनाऱ्यानं वरून खाली जायचं आणि तीन दिवसांत सगळं बघून टाकायचं. मला ते पटलं असं नाही. पण नाही म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं. तो डावा हात मांडीवर ठेवून मी बसले होते, आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

भावाला आम्ही सांगितलं, फिरूक जातंव.

"लांब?"

"लांब."

"गाडयेन?"

"गाडयेन."

त्याच्यासाठी याहून मोठं सुख नाही. लहानपणापासून तो रस्त्याच्या कडेच्या गडग्यावर बसून एस्ट्या बघत आलाय. रिक्षातून चर्चला जायचं असलं तरी सकाळपासून बूट घालून बसतो. त्यानं स्वतःची पिशवी भरली. एक सदरा, एक टॉवेल, आणि चहाचा त्याचा कप. सदऱ्याचं गळ्याचं बटण लावून तो फाटकाशी उभा राहिला.

मेव्हणा मुळात गोव्याचा. फार बोलत नाही. त्यानं बहिणीला मागे माझ्याजवळ बसायला सांगितलं आणि भावाला पुढे घेतलं. "तू मला सांगायचंस, समोरून बस आली की," तो त्याला म्हणाला. मग काय! आचऱ्यापर्यंत सात वेळा "एस्टी इली!" झालं. दर वेळी मेव्हणा म्हणायचा, "बरं झालं सांगितलंस." तो असा वागेल असं मला वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत आमची त्याच्याशी ओळख अशी झालीच नव्हती.

पहिली जागा देवगडच्या आतल्या बाजूला, आंब्याच्या बागा संपतात तिथे. मतिमंद मुलांची शाळा आणि वसतिगृह. भाऊ आणि मेव्हणा गाडीपाशी थांबले, आम्ही दोघी आत गेलो. मुख्याध्यापक चांगला माणूस होता. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वय काय म्हणालात?"

"बावन्न."

त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर भाऊ एका लहान मुलाशी हात मिळवत होता.

"बाई, आमच्याकडे अठरापर्यंतच मुलं असतात," तो म्हणाला. "अठरा झाली की आम्हालाही प्रश्न पडतो, कुठे पाठवायची. लहानपणीच आणला असता तर त्याला बरंच शिकवता आलं असतं. स्वतःचं स्वतः करणं, फोन लावणं, मदत मागणं. तुम्ही चाळीस वर्षं उशिरा आलात."

तो वाईट हेतूनं बोलला नाही. पण ते वाक्य आम्ही दोघींनी गाडीत आणलं.

भाऊ नऊ वर्षांचा असताना आमच्या चर्चच्या फादरनी कोल्हापूरच्या एका शाळेचं नाव काढलं होतं. खास अशा मुलांची शाळा. आई ऐकायला तयार नव्हती. माझा मुलगा परक्यांच्या हातून जेवणार नाही, म्हणाली. बाबा तेव्हा बोटीवर असायचे. मी वीस वर्षांची होते, शाळेत नुकतीच लागले होते. फादर माझ्याकडे वळले आणि मी म्हणाले, "मी आसंय." तेवढं बोलून मी विषय संपवला. विशीत माणूस असं काहीही बोलतं.

देवगडच्या कड्यावर पवनचक्क्या आहेत. गाडी तिथे थांबवून आम्ही डबा खाल्ला. भाऊ मान वर करून बघतच राहिला. "पंखो! मोठो पंखो!" मेव्हण्यानं त्याला खांबाच्या अगदी खाली नेलं. दोघं वर बघत उभे होते, वाऱ्यानं सदरे फुगले होते. बहीण हळूच म्हणाली, "मायन तेका तेवा धाडूक होया होता."

"होय," मी म्हणाले.

"तू म्हणालंस, मी आसंय. माका आठवता. मी दारामागे उभी होतंय."

 भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राहिला.

खाली येताना आमचं घर रस्त्यावरच लागतं, कोळंबच्या पुलाच्या अलीकडे. भावानं वळण ओळखलं. चेहरा पडला. "घराक?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नाय रे, आजून फिरूचा आसा." त्यानं टाळ्या वाजवल्या. मी त्याला खोटं सांगत होते आणि तो खूश होत होता. असं तीन दिवस चाललं. मालवणच्या बाजारात पर्यटकांच्या गाड्यांमुळे अर्धा तास अडकलो. आमच्याच गावातून मी परक्या गाडीत बसून जात होते. ओळखीची माणसं काचेतून हात करत होती. कुठे निघालात विचारत होती. भाऊच सगळ्यांना सांगत होता, "फिरूक! लांब!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंगुर्ल्याजवळचा वृद्धाश्रम बघितला. जागा फार चांगली. झाडून-पुसून ठेवलेला व्हरांडा, जास्वंदीचं कुंपण, ओळीनं खुर्च्या. व्यवस्थापक बाईंनी नियम सांगितले. साठच्या वरचे, स्वतःचं स्वतः करणारे, फिट नसलेले. भाऊ यातल्या एकाही नियमात बसत नव्हता. बहिणीनं थोडा वाद घातला, तिकडच्या पद्धतीनं, हात पुढे करून. बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, इथे रात्री एकच बाई असते. त्याला काही झालं तर तिनं कसं उचलायचं?"

निघताना व्हरांड्यातल्या एका म्हातारीनं माझा हात धरला. माझा डावा हात. तो निर्जीव आहे हे तिला कळलं असावं, कारण तिनं तो दोन्ही हातांत घेतला.

"तू कधी येतलंस गो रवूक?" तिनं विचारलं.

तिला वाटलं, जागा माझ्यासाठीच बघायला आलोत. मी हसले. गाडीत बसल्यावर बहीण म्हणाली, "तुझ्यासाठी तरी फॉर्म घेवन ठेवूक होयो होतो. मी घेतलंय." तिच्या पर्समध्ये तो होता. मी बाहेर बघत राहिले. मोचेमाडची खाडी आली, पूल आला.

शिरोड्याला सुरूच्या बनात थांबलो. मेव्हणा भावाला घेऊन पाण्याकडे गेला. आम्ही दोघी वाळूत बसलो आणि तिथे ते झालं. कशावरून सुरू झालं ते आठवत नाही. मी म्हणाले असेन, की चार जागा बघितल्या म्हणजे कर्तव्य झालं असं नको समजू.

"तुका काय वाटता, माका तेका थंय कॅनडाक नेवचो नाय?" ती एकदम ओरडली. "दोनदा अर्ज केलंय. दोनदा! तेंका असो माणूस नको. वकिलान सांगल्यान, परत करू नको."

हे मला माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "तू एकदा तीन महिने येवन रव. मगे सांग."

"माझी नोकरी आसा, बाय."

"माझीय होती."

ती रडायला लागली. तिचं रडणं लहानपणापासून तसंच आहे, खांदे हलतात आणि आवाज येत नाही. मला तिची दया आली आणि रागही तसाच राहिला. दोन्ही एकदम असू शकतं. पलीकडे भाऊ गुडघाभर पाण्यात उभा होता. पँट वर दुमडून दिली होती मेव्हण्यानं. लाट आली की तो त्याचा दंड घट्ट धरायचा, लाट गेली की सोडायचा. मी तिला म्हणाले, पुरे आता, तो बघील. तिनं डोळे पुसले.

तिसऱ्या जागेबद्दल फार लिहीत नाही. आतल्या एका गावात, रस्त्यापासून दूर, एका खाजगी माणसानं चालवलेलं केंद्र. फाटकाला साखळी. गाडीचा आवाज ऐकून खिडकीच्या गजांशी पाच-सहा पुरुष आले. सगळ्यांची डोकी भादरलेली, एकाच्या अंगात सदरा नव्हता. एकानं गजातून हात बाहेर काढला आणि भाऊ गाडीतून त्याला हात करायला लागला, हसून, ओळखीचं कुणी भेटल्यासारखा. मालक बाहेर येऊन म्हणाला, "आत या, बघून घ्या, लगेच ठेवून जा. आमच्याकडे कागदपत्रांचा त्रास नाही." वाऱ्याबरोबर वास आला. मेव्हण्यानं गाडी मागे घेतली. गाडी रस्त्याला लागली. मग भाऊ म्हणाला, "ते फिरूक येवचे नाय?"

तिसऱ्या दिवशी किरणपाणीचा पूल ओलांडून गोव्यात गेलो. ही शेवटची जागा. पुरुषांसाठीचा आश्रम, सिस्टर लोक चालवतात. मुख्य सिस्टर सत्तरीच्या, पाठीतून वाकलेल्या. त्यांनी भावाचा हात धरून त्याला आपल्याशेजारी बसवलं, कोकणीत नाव विचारलं, जेवलास का विचारलं. त्यानं त्यांना आपली पिशवी उघडून कप दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन नीट बघितला. मला वाटलं, ही बाई चांगली आहे. फिटचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, आमच्याकडे नर्स आहे. एक खाट रिकामी होती. तिच्यावरचा माणूस आठवड्यापूर्वीच वारला होता. त्यांनी ते सांगितलंही, लपवलं नाही.

अट एकच होती. पंधरा दिवस बघायचं, जमतं का. आणि त्या पंधरा दिवसांत घरच्यांनी भेटायचं नाही.

"ताका संवय जावंक जाय," सिस्टर म्हणाल्या. "तुमी आयल्यार तो रावचो ना." त्याला सवय व्हायला हवी, तुम्ही दिसलात तर तो राहणार नाही.

बहीण माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, बरं.

माझा एकच शब्द. चाळीस वर्षांपूर्वी दोन शब्द बोलले होते, आता एक.

दुपारी त्यांच्या जेवणघरात भावाला बसवलं. लांब टेबल, दोन्ही बाजूंना पुरुष. भात आणि माशाची आमटी. तो दाराकडे पाठ करून बसला होता आणि मन लावून जेवत होता. मी गोळ्यांची पिशवी नर्सला दिली, कुठली सकाळी, कुठली संध्याकाळी, लिहून दिलं. काटे काढून द्यावे लागतात, हेही लिहिलं. मग मी त्याच्याकडे जायला निघाले तर बहिणीनं माझा दंड धरला.

"आता चल. सांगलंस तर रडतलो."

मी ऐकलं. त्याला न सांगता मी बाहेर पडले. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी चुकीच्या केल्या असतील, पण त्या सगळ्या करताना माझ्याकडे काहीतरी कारण होतं. ही का केली, ते मला अजून सांगता येत नाही. त्याची पाठ मला दिसत होती. सदऱ्याला पाठीवर घामाचा डाग होता.

परतीचा रस्ता तोच. पुढची सीट रिकामी. बहीण पुढे बसली नाही, मागे माझ्याजवळच बसली. समोरून बसेस येत होत्या, जात होत्या. रेडी गेलं, शिरोडा गेलं. वेंगुर्ल्याच्या चढावर मेव्हण्यानं गाडी बाजूला घेतली, उतरला आणि बराच वेळ डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. परत येऊन बसला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. बहीण म्हणाली, "बरी आसा जागा. सिस्टर बरी आसा." तिनं ते तीन-चार वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी मी होय म्हणाले.

चार दिवसांनी ती दोघं परत गेली. विमानतळ आश्रमापासून फार लांब नाही. जाता जाता एकदा बघून जावं असं तिच्या मनात होतं, पण अट होती. जाताना ती मला बिलगली. "आता तू आराम कर, बाय. पयल्यांदाच आता तुझ्यासाठी जग." मी तिच्या पाठीवरून उजवा हात फिरवला.

आराम कसा करतात ते मला माहीत नव्हतं. सकाळी उठून दोघांची पेज टाकायची आणि मग अर्धी ओतून द्यायची. काकी म्हणायची, सवय होईल. तीही त्याच दिवसांत सामान बांधत होती. तिच्या मुलानं घर एका माणसाला चालवायला दिलं होतं, होमस्टे करण्यासाठी. ती मुलाकडे मुंबईला निघाली होती.

नवव्या दिवशी आश्रमातून फोन आला. नर्सचा. आवाज दमलेला होता. भावानं तीन दिवस काही खाल्लं नव्हतं. दोनदा फिट आली होती. त्याला जेवायला न्यायला आलेल्या माणसाला त्यानं ढकललं, त्या माणसाचं मनगट मोडलं. दिवसभर फाटकाशी उभा असतो, उन्हात, हलवलं तर ओरडतो. "आमी खूब यत्न केले," ती म्हणाली. मला त्यांना दोष देता येत नाही. आजही देत नाही.

गावातल्या एका ओळखीच्या माणसाची गाडी घेऊन मी गेले. तो फाटकाशीच उभा होता. अंगावर दुसऱ्याच कुणाचा सदरा, गळ्याचं बटण उघडं. दाढी वाढलेली. मला वाटलं होतं, मला बघून धावत येईल. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली.

"चल रे," मी म्हणाले, "घराक जावया."

'घराक' म्हटल्यावर त्यानं मान वर केली. मी गाडीचं दार उघडलं. गाडी बघितली मात्र, तो मागे सरला. फाटकाचे गज धरले.

"गाडी नको."

"अरे, घराक जावचा आसा. आपल्या घराक."

"गाडी नको. फिरूक नको."

मी अर्धा तास समजावलं. शेवटी दोन माणसांनी त्याला उचलून आत घातलं. तो सीटवर बसला नाही. दोन सीटांच्या मधल्या जागेत खाली बसला, गुडघ्यांत तोंड घालून, आणि मालवणपर्यंत तसाच राहिला. अरोंदा, आजगाव, वेंगुर्ला. इतक्या बसेस आल्या. त्यानं डोकं वर केलं नाही. वृद्ध सिस्टरनं निघताना त्याचा कप मला कागदात गुंडाळून दिला होता, तो मी मांडीवर धरला होता.

त्या दिवसापासून तो कुठल्याही गाडीत बसत नाही. रिक्षातही नाही. गडग्यावर बसणंही त्यानं सोडलं. एस्टीचा हॉर्न वाजला की घरात येतो. मी बाजारात जायला निघाले की माझी पिशवी धरून ठेवतो. मी परत येते, हे आता त्याला खरं वाटत नाही. आणि त्यानं तरी ते खरं का मानावं? आता भाजी, मासे सगळं दारात येईल तेवढंच. फेब्रुवारीत त्याला मोठी फिट आली. दवाखान्यात न्यायला हवं होतं. गाडी दारात आली, पण चौघांनी धरूनही तो बसला नाही, आणि धरता धरता पुन्हा फिट येईल म्हणून डॉक्टर म्हणाले, राहू दे, मीच येतो. ते आले. नेहमी येऊ शकणार नाहीत हे त्यांनी जाताना सांगितलं. माझा रक्तदाबही बघितला. अशी गुठळी दुसऱ्यांदा होऊ शकते, हे मला माहीत होतं, त्यांनी पुन्हा सांगितलं.

शेजारच्या घरात आता दर दोन दिवसांनी नवी माणसं येतात. पाण्याखाली पोहायला जाणारी, गाणी लावणारी. वाईट नाहीत. पण त्यांना हाक मारून सांगायचं काय आणि कसं. ती कोण, मी कोण.

बहीण दर रविवारी फोन करते. कधी कधी नवी एखादी जागा सापडली म्हणून सांगते, बेळगावची, पुण्याची. मी "बघूया" म्हणते. तो गाडीत बसत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. ती विचारते, कसा आहे, मी म्हणते, बरो आसा. ती म्हणते, तेका फोन दे. तो फोन घेत नाही. मी म्हणते, तो जेवतोय. वृद्धाश्रमाचा फॉर्म तिनं माझ्या कपाटात ठेवला होता. तोही भरला का म्हणून विचारते. तिकडे मला घेतील. त्या म्हातारीच्या शेजारची खुर्ची कदाचित रिकामीही झाली असेल. पण त्या फॉर्ममध्ये त्याच्याबद्दल काही लिहायला जागाच नाही.

चर्चला जाणं बंद झालंय. तो रिक्षात बसत नाही आणि मी त्याला एकटा ठेवू शकत नाही. फादर महिन्यातून एकदा घरी येऊन जातात. तरी रविवारी सकाळी मी त्याची दाढी करते, पूर्वी मिस्सेला जाण्याआधी करायची तशी. मागच्या पडवीत त्याला स्टुलावर बसवते, टॉवेल बांधते. मान वर कर म्हटलं की तो करतो. डाव्या हातानं गाल ओढून धरता येत नाही, म्हणून पातं कुठे कुठे लागतं. काल हनुवटीखाली बरंच कापलं. रक्त आलं, टॉवेलवर पडलं. मी तुरटी शोधत होते. त्यानं हात वर नेला नाही, काही म्हणाला नाही, मान वर करून तसाच बसून राहिला.